दाराशी बसलेली गोळी

"बीपी की गोली किसने बंद की?" फाइलवरून मान वर न करता डॉक्टरांनी विचारलं.

"मैंने," सत्यभामाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी फाइल मिटली. काचेचं दार ढकलून आत गेले. आत सत्यभामाबाईंचे यजमान नत्थूजी होते, पहाटे मेंदूतली एक नळी फुटलेले. बीपी दोनशे वीस. उजवं अंग गेलं, वाचा गेली. जीव राहील की नाही ते दोन दिवसांनी सांगू, असं मघाशी सांगून झालं होतं.

रुचिता आईकडे बघत राहिली. तेलीबांध्याच्या घरातून रोज नवा रायपूरला जाऊन ती फार्मसीच्या पोरांना हेच शिकवते, रक्तवाहिन्या आवळतात कशा आणि सैल पडतात कशा. आणि तिच्याच घरात बापाची गोळी महिनाभर बंद होती.

"आई, काहून बंद केली?"

"हाड जुळलं पाहिजे म्हणून."

"कोणतं हाड?"

"मनगटाचं. पडले नाही का तुये बाबा? हाडाच्या डॉक्टरनं कॅल्शियम दिलं. आन् बीपीची गोळी तर कॅल्शियमले आत येऊच देत नाही. तूच सांगितलं होतं. एकीनं भरायचं आन् दुसरीनं अडवायचं, काय फायदा? पलस्तर निघेपर्यंतच बंद ठेवली म्या."

रुचिताला आठवलं. सांगितलं होतं. तिनंच, जेवता जेवता. आईनं सहज विचारलं होतं, ही एवढीशी गोळी करते तरी काय? शिकलेल्या माणसाला घरात ऐकणारं मिळालं की त्याला भाताचीही शुद्ध राहत नाही. नळीच्या भिंतीत स्नायू असतो, ती म्हणाली. त्याच्या पेशीला बारीक दारं असतात. दारातून कॅल्शियम आत शिरतं, एका प्रथिनाला बिलगतं, त्यानं एक एन्झाइम जागं होतं. ते मायोसिनवर फॉस्फेट चिकटवतं. मग मायोसिन शेजारचा ॲक्टिनचा धागा धरून ओढतं, की आवळली नळी. वरणाच्या बोटांनीच तिनं बोटांत बोटं घालून दाखवलं होतं. कॅल्शियम बाहेर गेलं, फॉस्फेट निघालं, की पकड सुटते. आणि आपली गोळी दाराशी बसते, कॅल्शियमला आत येऊ देत नाही.

आईचं जेवण थांबलं होतं. लेक शिकवते म्हणजे काय करते, हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं होतं. त्यातला एक शब्द ती विसरली नव्हती.

"आई, ते दार नळीच्या स्नायूचं," रुचिता कशीबशी म्हणाली. "हाडाचा त्याच्याशी काही संबंध नाही. हाडाले कॅल्शियम मिळतच होतं."

सत्यभामाबाईंनी बोटांत बोटं घातली, मग सोडवली.

"म्हणजे दोन्ही गोळ्या संगं चालल्या असत्या?"

"हव."

"हे नव्हतं सांगितलं तू."

त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. रुचिताला आपल्या हुशारीची किळस आली. वर्गात पोरं अडलेलं विचारतात. आईनं विचारलं नाही, कारण तिला सगळं समजलं होतं.

"काल पलस्तर काढलं, गोळी आज सकाळपासून देणार होती म्या," सत्यभामाबाई म्हणाल्या. "फोटो पाहून डॉक्टर म्हणे, या वयात असं हाड जुळत नाही कोणाचं."

तेवढ्यात लहानूकाका आले. नत्थूजींचे धाकटे भाऊ, भनपुरीला ट्रान्सपोर्टमध्ये असतात. तोंडाचे फटकळ, पण भावावर जीव. पुतणी पीएच.डी. झाली तेव्हा सगळ्या मोहल्ल्यात पेढे यांनीच वाटले होते. डॉक्टरांना दारातच गाठून त्यांनी सगळं विचारून घेतलं होतं.

"आई, काकाले मी सांगते," रुचिता हळूच म्हणाली. "माझ्यामुळं झालं म्हणून."

आईनं जणू ऐकलंच नाही.

"काहून वहिनी?" काका समोर येऊन उभे राहिले. आवाज चढलेला, डोळे लाल. "गोळी बंद केली म्हणे तुम्ही?"

"विसरली मी. ध्यानातच नाही राहिलं."

"महिनाभर? माणूस जेवाले विसरते का महिनाभर? अन् नसंल समजत तर एवढी शिकलेली पोट्टी घरात आहे, तिले एका शब्दानं विचारायचं होतं न."

रुचिता उठली. सत्यभामाबाईंनी हात धरून तिला पुन्हा बाकावर बसवलं, आणि ती बसली.

"विचारलं असतं," सत्यभामाबाई दिराला म्हणाल्या, "तर कायले हे झालं असतं?"