सवयीचा हात

फुटबॉल सोडून केस पांढरे झाले, तरी त्याची एक खोड गेली नव्हती. गर्दी दिसली की उजवा हात आपोआप वर जायचा.

सकाळी धाकट्या बहिणीचा 'लगेच घरी ये' एवढाच फोन आला आणि तो तडक निघाला. गल्लीच्या तोंडाशीच गाडी अडली. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, पुढं मुंगीलाही वाट नाही." आईच्या शिलाईच्या दुकानापासून घराच्या दारापर्यंत माणसंच माणसं.

मैदान सुटल्यापासून कुत्रंही विचारत नव्हतं या गड्याला. छाती फुगलीच. "बघ, आणि म्हणे लोक विसरतात!" असं ड्रायव्हरला सुनावून तो उतरला आणि त्यानं हात हलवला.

एकही हात वर आला नाही. ओळखलं नसेल, म्हणून या शहाण्यानं काळा चष्मा काढला, तोंडभर हसला आणि हात पुन्हा हलवला, आणखी उंच.

त्याच्या वाट्याची लाज गर्दीलाच वाटली. लोकांनी माना खाली घातल्या. तेवढ्यात दारातून बहीण आली आणि तिनं त्याचा दंड धरला.

"दादा, हात खाली घे. आईला खांदा द्यायचाय."