प्रागचा हट्ट

"व्हिएन्ना," वल्लरी म्हणाली.

"प्राग," पुष्कर म्हणाला. सकाळपासून पाचव्यांदा.

दोघांचंही आज घरून काम होतं, आणि अकरा वाजून गेले होते. बाराच्या आत तिला एक ईमेल पाठवायची होती. 'येते' किंवा 'येत नाही', एवढीच. आणि समोर बसलेल्या नवऱ्याला त्या ईमेलचा वासही लागता कामा नव्हता.

तीन ऑक्टोबरची, जर्मन एकीकरण दिनाची सुट्टी गुरुवारी आली होती. शुक्रवारी रजा टाकली की चार दिवस मोकळे. फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नमधल्या सगळ्याच देशी मंडळींचा त्यावर डोळा होता, ह्या दोघांचाही होता. त्या शुक्रवारी अर्धा जर्मनी सुट्टीवर, पण व्हिएन्नात कामाचा दिवस. तिथल्या एका भूजल संशोधन संस्थेने वल्लरीला नेमकं त्याच सकाळी दहा वाजता मुलाखतीला बोलावलं होतं. नवऱ्याला फिरायला न्यायचं, सकाळी एखाद्या म्युझियममध्ये सोडायचं आणि दोन तासांत मुलाखत उरकून परत यायचं, असे मांडे बाईसाहेब मनात खात होत्या.

आता कोणी म्हणेल, सरळ सांगायला काय धाड भरली होती? पण तिला झुरिकची भीती होती. तीन वर्षांपूर्वी तिथेही असंच बोलावणं आलं होतं. दोघं मिळून गेले. त्या लोकांनी तिथल्या तिथे जागा देऊ केली, विचार करून सांगा म्हणाले. ती बाहेर आली तर बाकावर पुष्कर बसलेला. त्याची एश्बॉर्नची नोकरी तेव्हा अगदी नवी होती. "तू म्हणशील तसं," तो म्हणाला खरा, पण त्याचा चेहरा असा उतरला होता की वल्लरी आल्या पावली आत गेली आणि नाही सांगून आली. भांडण नाही, तंटा नाही. तेव्हापासून कार्ल्सरूहे विद्यापीठातून भूजलात पीएचडी केलेली ही बाई दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधत बसली होती. तो चेहरा पुन्हा दिसला की आपण पुन्हा नाही म्हणणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि इतकी वर्षं संशोधनाबाहेर राहिलेल्या माणसाला परत कोण बोलावतं?

"मला तिथला राजवाडा बघायचाय," ती म्हणाली.

"तुला? पुण्यात शनिवारवाडा बघायला चल म्हटलं तर ऊन लागतं तुला."

"ऑपेरा आहे तिथे."

"अगं, बॉनच्या मैफलीत झोपली होतीस. माझ्या खांद्यावर. घोरत."

एरवी ती हसली असती. आज तिचं डोकंच फिरलं. सोफा कोणता घ्यायचा, भाजी कोणती करायची, सगळ्याला 'तू म्हणशील तसं' म्हणणारा हा माणूस, आणि नेमका आजच हट्टाला पेटला होता!

"प्रागला असं काय सोनं लागलंय रे?" ती म्हणाली. "एकदा तरी माझं ऐक ना. प्लीज." तिचा आवाज नको तितका कापला.

पुष्करने लॅपटॉपमधून डोकं वर काढलं. मग म्हणाला, "मुलाखत दहाला आहे ना?"

"तुला कसं कळलं?"

"त्यांचं पत्र आलंय पोस्टाने. प्रवासखर्चाचा फॉर्म. सोमवारीच आला."

घरात जर्मन पत्र आलं की ते पुष्करने फोडायचं, वाचायचं आणि त्याला उत्तरही त्यानेच द्यायचं, हा त्यांच्या संसाराचा पहिल्या दिवसापासूनचा रिवाज. तिचं संशोधन सगळं इंग्रजीत झालेलं, जर्मन बाजारहाटापुरतं. त्याला दिसू नये म्हणून ईमेलचा पासवर्ड बदलायची अक्कल आली आणि संस्थेला घरचा पत्ता देताना टपालपेटी आठवू नये! तिला स्वतःचाच संताप आला.

"म्हणजे तुला माहीत होतं," ती उसळली, "आणि तरीही चार दिवस नुसतं प्राग प्राग चाललंय तुझं?"

"तरीही नाही. म्हणूनच."

तिला रडू फुटलं. झुरिकला निदान तोंडदेखलं तरी हो म्हणाला होता, आता तेवढंही नाही. बाराला आठ मिनिटं होती. "कळवते त्यांना, येत नाही म्हणून," ती म्हणाली आणि तिने फोन उचलला.

"थांब. तू आपणहून सांगशील म्हणून वाट बघत होतो." पुष्करने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. तिकिटं काढून झाली होती. गुरुवारी फ्रँकफर्ट ते व्हिएन्ना, प्रवासी एकच, वल्लरी. शुक्रवारी दुपारी व्हिएन्ना ते प्राग, पुन्हा तीच. त्याचं स्वतःचं तिकीट होतं शुक्रवारचं, फ्रँकफर्ट ते थेट प्राग.

"झुरिकला मी दाराबाहेर बसलो नसतो, तर आज तू तिथे असतीस," तो म्हणाला. "ह्या वेळी माझा चेहरा समोर नको. शुक्रवारी संध्याकाळी प्रागच्या स्टेशनवर असेन मी. काय ठरवलंस ते सांगायला ये. विचारायला येऊ नकोस."