उजवी बाही

"आवर, आवर! तिकडे तुझा पुकारा चाललाय!"

आईने गाडी मैदानाच्या कुंपणाला जवळजवळ टेकवलीच. सकाळी शाळेला सामना जिंकून देऊन आलेला तिचा पोरगा मागच्या सीटवरून उतरला. आता क्लबकडून अंतिम सामना! कुंपणापलीकडे एकच गलका चालला होता, "तोफ! तोफ!" बेसबॉलच्या मैदानावर त्याला याच नावाने ओळखत. त्याने फेकलेला चेंडू समोरच्या फलंदाजाला दिसेपर्यंत त्याच्या मागे बसलेल्याच्या हातमोज्यात जाऊन बसलेला असे.

हाताला इजा होऊ नये म्हणून पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याने, दिवसाला ठरावीकच चेंडू टाकायचे, हा नियम दोन्ही प्रशिक्षक कसोशीने पाळत. शाळेचे सर शाळेचे चेंडू मोजत, क्लबचे सर क्लबचे. बेरीज करायचं काही कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आईच्याही नाही. तिला तर आज आकाश ठेंगणं झालं होतं.

"हा घाल." तिने क्लबचा लाल शर्ट पुढे केला. तिचं कपडे शिवायचं दुकान होतं, आणि हा शर्ट तिने गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून शिवला होता. बटणंही तिनेच लावली. मग दोन पावलं मागे सरून गिऱ्हाइकाकडे बघावं तसं तिने त्याला न्याहाळलं आणि जीभ चावली.

"अरे देवा! उजवी बाही आखूड झाली की रे!"

"असू दे गं. कोण बघतंय?"

"सगळं गाव बघतंय! इतकी वर्षं कात्री चालवतेय, आणि पोटच्या पोराच्या मापात माती खाल्ली! काढ. दुमड उसवते, दोन मिनिटांचं काम."

तिने शर्ट गाडीच्या बॉनेटवर पसरला. बाहीवर बाही ठेवली, शिवणीवर शिवण, कफावर कफ. सूतभरही फरक नव्हता. तिने पुन्हा जुळवून पाहिल्या.

मग मान वर केली. पोरगा बनियनवर उभा होता, दोन्ही हात खाली सोडून. डावा मांडीपर्यंत आला होता. उजवा कोपरात वाकून वरच राहिला होता.

तिने शर्ट बॉनेटवरून उचलून घेतला.

"कधीपासून दुखतंय?"

"काही नाही गं. सुरुवातीला दुखतं, मग हात गरम झाला की कळतही नाही." त्याचे डोळे मैदानाकडे लागले होते, पाय जागेवर ठरत नव्हते. "दे ना लवकर! थांबलेत सगळे!"

पलीकडे टाळ्यांचा ठेका सुरू झाला. त्याने उजवा हात पुढे केला.

आईने शर्ट त्याच्या बोटांपासून वीतभर लांब धरला.

"हात सरळ कर," ती म्हणाली, "आणि घे."