काढ्याची साक्षीदार

डॉ. उद्धव खांडेपारकर यांच्या काढ्याने कॅन्सर बरा होतो, हे मेडिकल कौन्सिलला काही केल्या पटत नव्हतं. म्हणून चौकशीत डॉक्टरांनी आपली हुकमी साक्षीदार उभी केली. कराडच्या रत्नमालाबाई घोडके. पाच वर्षांपूर्वी स्तनात गाठ होती, आज ठणठणीत. काढ्याच्या जाहिरातीवर फोटोही त्यांचाच.

"काढा घेतला ना तुम्ही?" अध्यक्षांनी विचारलं.

बाई घुटमळल्या. "घेतला. म्हणजे, घरी नेला. पण वास असा, की म्हशीनंसुद्धा तोंड फिरवलं."

"मग बऱ्या कशा झालात?"

"पुण्याला ऑपरेशन केलं की! वर सहा केमो."

एक सदस्य खोकल्याचं सोंग करून बाहेर पळाले. डॉक्टरांचं लायसन्स चहा यायच्या आत गेलं.

जिन्यात डॉक्टरांनी बाईंना गाठलं. "मग दर महिन्याला माझ्याकडे कशाला येत होतात?"

"पुण्यात तीन मिनिटं मिळायची, डॉक्टर. तुम्ही तासभर ऐकून घ्यायचात. मरायची भीती वाटते, हे घरात कुणाला सांगणार? मग खरं सांगून तुमचं मन मोडवेना."

डॉक्टर पायरीवर बसले. ज्यांनी तो काढा खरोखरच प्यायला होता, त्यांचे चेहरे एकेक करून आठवू लागले.

तेवढ्यात फोन वाजला. कुणीतरी बायकोसाठी चार बाटल्या मागत होतं.

"बाटल्या विसरा," डॉक्टर म्हणाले. "त्यांना उद्याच मोठ्या हॉस्पिटलात न्या. मी येतो सोबत. नुसता शेजारी बसायला."