कुणाचे दोन

"फ्रिडोलिनकाका, आमच्याकडे तीन वाजत आले," पुलाच्या जर्मन टोकावरचा कस्टमचा शिपाई म्हणाला.

म्हाताऱ्याने खिशातलं घड्याळ काढून बघितलं. दोनला पाच कमी. "तुमचं सरकार सूर्याला ढकलतं, म्हणून मी धावू का? पुडीत आलुबुखार आहेत. तपासायचेत?"

शिपायाने तपासले, एक खाऊनही बघितला आणि वाट सोडली.

१९८० सालचा उन्हाळा संपत आला होता. लाउफेनबुर्ग म्हणजे एकच जुनं गाव, मधून ऱ्हाईन. अर्धं स्वित्झर्लंडचं, अर्धं जर्मनीचं. एप्रिलात, ईस्टरच्या दिवशी, जर्मनांनी उन्हाळ्यापुरती घड्याळं तासभर पुढे केली. आम्ही स्विस लोकांनी आधीच मतदान करून नकार दिला होता, तोही धारेची वेळ बदलू न देणाऱ्या गोठ्यातल्या गाईंचा सल्ला घेऊन. तेव्हापासून पुलावर रोज माणसांचा एक तास हरवायचा आणि परतताना सापडायचा. आमचा न्हावी तर रविवारी पलीकडे बाराचं जेवण उरकून निघायचा आणि घरी पुन्हा बाराच्या जेवणाला वेळेवर बसायचा. सप्टेंबरात तो स्वतःच्याच खुर्चीत मावेना.

सगळ्या गावाने ते हसण्यावारी नेलं. नेलं नाही ते फ्रिडोलिनने आणि पलीकडे लग्न करून गेलेल्या त्याच्या बहिणीने, बुर्गीने. ईस्टरला तो तिच्याकडे आपल्या घड्याळाप्रमाणे अगदी वेळेवर जेवायला पोचला, तर ताटं उचललेली. आता गार खा, एवढंच ती म्हणाली होती. त्याने खुंटीवरची हॅट उचलली, ती त्या घरात पुन्हा टांगली नाही.

आज सकाळी तिच्या शेजारणीचा, त्रोंडलेबाईंचा फोन आला. डॉक्टरांनी हात टेकले होते, धर्मगुरू येऊन गेले होते. बुर्गीचा निरोप होता, दोनला ये, तोवर मी केस विंचरून घेते.

कुणाचे दोन, हे फ्रिडोलिनने विचारलं नाही. विचारलं असतं तर ईस्टरचं भांडण हरल्यासारखं झालं असतं.

तो जिना चढून वर गेला तेव्हा त्रोंडलेबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी काही सांगायच्या आधीच त्याला पलंग दिसला. बुर्गीचे केस छान विंचरलेले होते. हात छातीवर जुळवून ठेवलेले होते. जीव बाहेर जावा म्हणून खिडकी सताड उघडली होती.

"अडीचला गेली," बाई म्हणाल्या. "डॉक्टर आपल्या घड्याळात वेळ बघून गेले."

"मी वेळेवर आलो," फ्रिडोलिन म्हणाला. त्यात भांडण नव्हतं.

"तीही तेच म्हणत होती. दोन वाजल्यापासून मी सारखी आत-बाहेर. म्हटलं, बघ, नाहीच आला तुझा हेकट भाऊ. तर मला म्हणाली, गप बस गं, त्याला अजून उशीर झालेला नाही."

बाईंनी भिंतीकडे बोट केलं. सकाळी बुर्गीने त्यांना स्टुलावर चढवून तिथल्या घड्याळाचे काटे तासभर मागे घ्यायला लावले होते. कशाला, हे मात्र सांगितलं नव्हतं.

घड्याळात आत्ता दोनचे टोले पडले.

फ्रिडोलिन ते संपेपर्यंत उभा राहिला. मग त्याने आलुबुखारांची पुडी पांघरुणावर ठेवली.

"अडीचला म्हणालात ना?"

"हो."

"मग अजून अर्धा तास आहे."

त्याने जाऊन खिडकी बंद केली, कडी घातली. हॅट खुंटीला टांगली. खुर्ची पलंगाला चिकटवून बसला आणि बहिणीचा हात हातात घेतला. "हे बघ, बुर्गे," तो म्हणाला, "ईस्टरला झालं काय..."

त्रोंडलेबाई बाहेर आल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं. आतून बराच वेळ त्याच्या बोलण्याची गुणगुण येत होती. मधे एकदा तो हसलाही.

मग आत घड्याळाने अडीचचा एक टोला दिला. बोलणं वाक्यातच थांबलं, आणि खिडकीची कडी निघाल्याचा आवाज आला.