हितसंबंध

"दिवंगत संस्थापकाची संगणकातली प्रत कायमची पुसून टाकावी," असा ठराव गुंतवणूकदार तांबवेकरांनी स्टार्टअपच्या संचालक मंडळासमोर मांडला. त्यांचा आणि त्यांच्या भागीदाराचा हात वर झाला. विरोधात वैदर्भी एकटीच होती. ती पडद्याकडे वळली. "श्रीरंग, मत दे ना रे! बरोबरी झाली तर ठराव बारगळेल."

"यात माझा हितसंबंध आहे. मला मत देता येत नाही," पडद्यावरून श्रीरंग म्हणाला. हा नियम त्यानंच जिवंतपणी लिहिला होता. "आणि बायकोलाही नाही."

"मी बायको नाही!" वैदर्भी ओरडली. "माझा नवरा तीन वर्षांपूर्वी वारला. इतिवृत्तात लिहा तसं!"

तांबवेकरांनी लिहून घेतलं.

"मग आता," श्रीरंगनं हळूच विचारलं, "वाचवतेस कुणाला?"