नाव पटलावर ठेवा

"आवाज वाढव गं," सरजाबाई म्हणाली. ऋतुजा रिमोटसाठी वाकायला गेली, तशी तिची आई दानम्मा ओरडली, "तू बस! नववा लागलाय, आन् वाकायलीस कशाला?"

रिमोट दानम्मानंच उचलला. शेजारीण असली तरी या घरात रिमोट, चहा आणि भांडण या तिन्ही गोष्टी ती न विचारता काढायची.

टीव्हीवर विधानसभा चालू होती. त्या गर्दीत सरजाबाईनं आधी लेकाला शोधलं. दिसला. पांढरा सदरा, मान खाली, कागद चाळत बसलेला.

"वाळलाय गं तुझा लेक," दानम्मा म्हणाली.

"मुंबईचं पाणी," सरजाबाई म्हणाली.

आज प्रश्न गावच्या दवाखान्याचा होता. दानम्माची सून महानंदा बाळंतपणाला तिथं गेली, तेव्हा बाळंतिणीच्या खोलीला कुलूप होतं आणि डॉक्टरचा पत्ता नव्हता. उदगीरच्या वाटेवर जीपमध्येच ती गेली, पोटातल्या लेकरासकट. सरकारचं छापील उत्तर आलं: दवाखाना चोवीस तास सुरू आहे, रुग्णाला नातेवाइकांनी उशिरा आणलं. म्हणजे दानम्मानंच सून मारली. त्या दिवसापासून दानम्मा बाजाराला गेली नव्हती. आणि आता तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. कुलूप अजून जागच्या जागी होतं.

सरजाबाईनं लेकाला फोनवर सगळं सांगितलं होतं. "बघतो, आई," तो म्हणाला होता. पुढाऱ्यांचं बघणं तिनं उभ्या जन्मात पुष्कळ बघितलं होतं. म्हणून मोबाइल घेऊन ती स्वतःच दवाखान्यात गेली. तिला बघून वॉचमन ताडकन उठला, खुर्ची पुसून दिली, चहा सांगायला निघाला.

"चहा ऱ्हाऊ दे. कुलूप काढ."

त्यानं मुकाट्यानं काढलं. आत बाळंतिणीच्या टेबलावर सिमेंटची पोती रचलेली होती. सरजाबाईनं सगळं मोबाइलमध्ये घेतलं आणि वर आपल्या तोंडानं चार खरमरीत वाक्यं घातली.

ते तिनं आमदार बजरंगला दाखवलं. तो म्हणाला, "माय, ह्यात तुझं नाव येईल."

"आलं तर येऊ दे."

"लोक काय म्हणतील?"

"लोकाच्या घरातली बाळंतीण मेली, तवा कोण काय म्हणालं?"

अध्यक्षांनी प्रश्न पुकारला. विरोधी बाकावरून बजरंग उठला.

"बोल, बाबा," सरजाबाई टीव्हीला म्हणाली. "मागं सरू नको."

"अध्यक्ष महोदय," बजरंग म्हणाला, "सरकार म्हणतं, प्रसूतिगृह चालू आहे. मग टेबलावर सिमेंटची पोती कशी? सरकार आता सिमेंटचंही बाळंतपण करतं का?"

एका बाजूला हशा, दुसऱ्या बाजूला आरडाओरडा.

"गावातली एक म्हातारी स्वतः आत जाऊन बघून आली. तिचे शब्द वाचतो. 'हिथं म्हस सुदीक व्यायची न्हाई. महानंदा आपल्या पायानं चालत आली होती. उशीर तिनं न्हाई केला, तुमी केलाव.'"

दानम्मानं पदर तोंडात कोंबला. ऋतुजानं दोन्ही हात पोटावर ठेवले.

मंत्री उठले. आवाज चढलेला. "हे सगळं बनावट आहे! कोण ही म्हातारी? विरोधकांनी पढवून उभी केलेली बाई! सन्माननीय सदस्यांनी नाव पटलावर ठेवावं, नाहीतर हे शब्द कामकाजातून काढून टाकावेत."

"काढून टाकावेत म्हंजे?" दानम्मानं विचारलं.

"म्हंजे कुणी बोललंच न्हाई, असं धरायचं."

"आन् मंग ते छापील तेच खरं?"

"हाव."

दानम्मा टीव्हीकडं बघत राहिली.

अध्यक्षांनी घंटा वाजवली. "सदस्यांनी नाव सांगावं. त्याशिवाय हे नोंदीवर राहणार नाही."

बजरंगनं पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. मंत्र्यांच्या मागच्या बाकांवरून ओरडा सुरू झाला, "नाव सांगा! नाव सांगा!"

"त्यो न्हाई घेत बघ नाव," दानम्मा म्हणाली. मग आवाज बारीक करून, "अक्का, आन् घेतलं तर तुझ्या लेकाचं राजकारण बसंल की गं."

"बसू दे. राजकारण गेलं तर जाऊ दे. लेक ऱ्हायला म्हंजे झालं."

"तुझी छाती लई मोठी बाई."

"मोठी कुठली? माजाबी जीव भितोयच की." सरजाबाईनं हात पुढं केला. दानम्मानं तो आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"अध्यक्ष महोदय," बजरंग अखेर म्हणाला, "त्या माउलीनं नाव घ्यायची परवानगी दिली आहे. तरी माझी जीभ रेटत नाही. आईमाणसाला या आखाड्यात ओढणं मला बरं वाटत नाही."

"नाटक बंद करा!" मंत्री ओरडले. "अशी कुणी बाई असेल तर नाव घ्या. घ्याच!"

"घे," सरजाबाई पुटपुटली. "घे की रे, बाबा."

बजरंगनं समोर बघितलं.

"सरजाबाई लक्ष्मणराव बिरादार."

ओरडा हळूहळू खाली आला आणि मग थांबला. कॅमेरा मंत्र्यांवर गेला. ते उभेच होते. मागून कुणीतरी त्यांच्या सदऱ्याला धरून खाली बसवायला बघितलं, पण ते बसले नाहीत.

"शब्द काढू नका, अध्यक्ष महोदय," मंत्री म्हणाले. "ती माझी आई आहे."